अडलेली गाडी कशी तपासावी?

माझे थोरले बंधू भिवपुरीला राहतात. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. सकाळी गावातली दहा मुले शाळेत पोचवायची आणि दुपारी भाजीच्या जुड्या घेऊन कर्जतचा बाजार गाठायचा, हा त्या गाडीचा रोजचा नेम. दादांचे घर बरेचसे त्या गाडीवर चालते म्हटले तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात या गाडीने एक विचित्र खोड काढली. घरून नीट निघायची, सात-आठ किलोमीटर धावायची, आणि मग आचके देत भर रस्त्यात उभी राहायची. सेल्फ मारला तर इंजिन फिरायचे, पण धरायचे नाही. वीस-पंचवीस मिनिटे थांबले की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू! एकदा तर मुले आत, बाहेर मुसळधार पाऊस, आणि मागून येणारे ट्रक भोंगे वाजवताहेत, अशी वेळ आली. त्या दिवशी दादा मला म्हणाले, "तू कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग सांग, ही गाडी भंगारात घालू की ठेवू?"

तोपर्यंत त्यांनी काय काय केले होते ते ऐका. पहिल्या मेकॅनिकने पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्याने कार्ब्युरेटर उघडून साफ केला. तिसऱ्याने प्लग आणि कॉइल बदलली. चार-पाच हजार रुपये गेले आणि खोड जागच्या जागी राहिली. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गाडीच्या बाबतीत आपण नेहमी हेच करतो. भाग बदलण्याची घाई करतो आणि रोग कुठे आहे ते शोधत नाही. म्हणून आज अडलेल्या गाडीचा रोग कसा शोधावा, हे आपण पाहू. दादांच्या गाडीचे पुढे काय झाले तेही ओघाने येईलच.

भिवपुरीच्या मंडळींना एक दाखला घरचाच आहे. तिथले टाटांचे वीजघर 1922 सालापासून चालू आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर ठोकरवाडीच्या धरणात पाणी साठते, ते नळांतून खाली येते, चक्रे फिरवते आणि मग उल्हास नदीला मिळते. समजा, एखाद्या दिवशी चक्र फिरेनासे झाले, तर तिथला इंजिनियर लगेच चक्र बदलायला घेईल का? नाही. तो आधी विचारील, पाणी कुठपर्यंत आले आहे? धरणात आहे का? नळाच्या तोंडाशी आहे का? खालच्या झडपेपर्यंत पोचते का? जिथपर्यंत पाणी आहे तिथपर्यंतचा मार्ग शाबूत. त्याच्या पुढे बिघाड. गाडीचेही अगदी असेच आहे. टाकी म्हणजे धरण, पाइप म्हणजे नळ आणि इंजिन म्हणजे चक्र. फरक एवढाच की वीजघरात पाणी वरून खाली पडते, आणि गाडीत पेट्रोल खालच्या टाकीतून वर न्यावे लागते. हा फरक लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

आता तपासणीला लागू. जुन्या, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीपासून सुरुवात करू.

पहिला प्रश्न : सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरते का? नुसता टक् असा आवाज येत असेल किंवा इंजिन रेंगाळत फिरत असेल, तर पेट्रोलच्या वाटेला जाऊच नका. दिवे लावून सेल्फ मारून बघा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे, किंवा तिची जोडणी सैल आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर साचतो तो साफ करा, बोल्ट घट्ट करा. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला येणारी अर्थची जाड पट्टीही बघा. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत ती गंजते. आणि सेल्फ एका वेळी आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट विसावा द्या. नाहीतर मूळ रोग राहील बाजूला आणि बॅटरी मात्र बसेल.

दुसरा प्रश्न : इंजिन जोरात फिरते पण धरत नाही, तर त्याला पेट्रोल मिळत नाही की ठिणगी मिळत नाही? याचे उत्तर प्लग देतो. दहा-बारा वेळा सेल्फ मारल्यानंतर, इंजिन गार असताना, एक प्लग काढून पाहा. प्लगचे टोक कोरडे ठणठणीत असेल तर पेट्रोल वरपर्यंत आलेले नाही. ते ओले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचते आहे. ठिणगीकडे बघायला हवे, किंवा चोक जास्त ओढल्यामुळे पेट्रोल अती झाले आहे. अती झाले असेल तर दहा मिनिटे थांबा, चोक पूर्ण आत ढकला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पायाने पंप करू नका. दर दाबाला आणखी पेट्रोल आत जाते.

पावसाळ्यात ठिणगी हरवण्याचे एक साधे कारण म्हणजे ओल. डिस्ट्रिब्युटरचे झाकण आणि प्लगच्या जाड वायरी कोरड्या फडक्याने आतबाहेर पुसा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. ठिणगी पाहायचीच असेल तर रबरी मुठीच्या पकडीने प्लग धरून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पण ही परीक्षा पेट्रोलचा पाइप उघडण्याच्या आधी करायची, नंतर कधीही नाही.

इथे जरा थांबतो, कारण पुढचे बोलणे गाडीपेक्षा महत्त्वाचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि चार हातांवरची विडीसुद्धा तिला पुरते. व्हॅनमध्ये तर इंजिन बहुधा पुढच्या बैठकीखाली असते, म्हणजे माणसांच्या अगदी जवळ. तेव्हा बॉनेट किंवा बैठक उघडण्याआधी मुले खाली उतरवा आणि रस्त्यापासून दूर उभी करा. इंजिन गार होऊ द्या. विडी, काडी, कंदील जवळ नको. वाळूची बादली हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले तर आग पाण्यावर तरंगत पसरते. आणि दोन गोष्टी कधीही करू नका. पाइपला तोंड लावून पेट्रोल ओढू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारू नका. इंजिनाने उलटा भडका मारला, तर बाटली हातातच पेटते. दादांना मीच एकदा हे करताना पाहिले, आणि त्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. माणूस चिडला म्हणजे शहाणपण विसरतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

आता पेट्रोलचा मार्ग. टाकी, तिथून निघणारा पाइप, फिल्टर, पंप, पुन्हा पाइप आणि शेवटी कार्ब्युरेटर. हा सगळा मार्ग एका टोकापासून तपासत बसू नका. मधोमध तोडून बघा. कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडून त्याचे तोंड एका बाटलीत लांब धरा. त्याआधी कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे कुठे ठिणगी पडणार नाही. मग दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. पिचकारीसारखे थांबून थांबून पेट्रोल आले, तर टाकीपासून पंपापर्यंत सगळे ठीक आहे; दोष कार्ब्युरेटरमध्ये आहे. तिथे एक तरंगणारा फ्लोट असतो, त्याची सुई अडकते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कार्ब्युरेटरला हलकेच टिचक्या मारल्या तर कधी कधी ती सुटते. नाहीतर जेटमध्ये कचरा असतो, तो उघडून काढावा लागतो.

बाटलीत काहीच आले नाही, तर दोष मागे आहे. अर्धा मार्ग एका परीक्षेत निकालात निघाला, बघा! आता मागच्या अर्ध्यात पाहू. फिल्टर काळा पडला असेल तर बदला. त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने असावा. पंपाच्या मागचा पाइप सोडा, टाकीचे झाकण उघडा, आणि सायकलच्या पंपाने त्या पाइपातून टाकीकडे हळू हवा मारा. टाकीत बुडबुड आवाज आला तर पाइप मोकळा. आला नाही तर पाइपात किंवा टाकीच्या तळाशी गंजाचा चोथा बसला आहे, किंवा मग टाकीत पेट्रोलच नाही! हसू नका. जुन्या गाडीचा काटा खोटे बोलतो, हे पुष्कळांनी भर रस्त्यात अनुभवले आहे.

पाइप मोकळा आणि टाकीत पेट्रोल असूनही पंप देत नसेल, तर मात्र पंपावर संशय घ्यावा. हा पंप म्हणजे आपल्या गावच्या हापशीचाच भाऊ. त्यात रबरी कापडाचा एक पडदा असतो, इंजिन तो खालीवर हलवते, आणि दोन झडपा पेट्रोलला मागे फिरू देत नाहीत. हापशीचा वायसर झिजला की दांडा हलतो पण पाणी येत नाही; पडदा फाटला की पंपाचेही तसेच होते.

आता शिक्षक बंधुभगिनींनी जरा कान द्यावा. आपण सहज म्हणतो, पंप पेट्रोल ओढतो. वास्तविक पंप काही ओढत नाही. तो आपल्या पोटातला दाब कमी करतो, इतकेच. टाकीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा भार असतो, आणि तो भारच पेट्रोलला पाइपातून वर ढकलतो. म्हणजे टाकीत हवा शिरायला वाट असेल तरच पेट्रोल बाहेर येईल. गावातल्या वाण्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. गोडेतेलाच्या डब्याला तो दोन भोके पाडतो. एक तेल यायला आणि दुसरे हवा जायला. दुसरे भोक बुजवले की धार तुटते, डबा आचके देतो आणि तेल थांबते.

आचके देतो! हा शब्द मनात आला आणि दादांच्या गाडीचे कोडे सुटू लागले. मी त्यांना विचारले, "दादा, टाकीत पेट्रोल कमी असताना गाडी अशी बंद पडते का?" ते जरा विचार करून म्हणाले, "नाही रे. पाच लिटर असतं तेव्हा कर्जतला जाऊन येते. टाकी भरली की मेली अर्ध्या वाटेत बसते. उलटंच आहे बघ सगळं." मी पुन्हा विचारले, "बंद पडल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?" ते म्हणाले, "काय करणार? झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघतो. मेकॅनिकही तेच करतो."

मी टाकीचे झाकण काढून पाहिले. ते त्या गाडीचे नव्हतेच. मूळ झाकण कुठेतरी हरवले होते आणि दादांनी दुसऱ्या गाडीचे, घट्ट बसणारे झाकण लावले होते. मूळ झाकणात हवेसाठी बारीक वाट असते. यात ती नव्हती. तेलाच्या डब्याचे दुसरे भोक बुजले होते!

आता सगळा हिशेब जुळतो. टाकी भरलेली असली म्हणजे पेट्रोलच्या वर हवेला जागा थोडी. थोडे पेट्रोल खर्च झाले की तेवढ्याशा हवेला जास्त जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब झपाट्याने उतरतो. पंपाला मग पेट्रोल मिळत नाही. टाकी रिकामीशी असली तर आत हवा भरपूर. तेवढेच पेट्रोल गेले तरी दाबात फारसा फरक पडत नाही. गाडी थांबली की झाकणाच्या रबरातून हवा हळूहळू झिरपते, म्हणून वीस मिनिटांनी ती चालू. आणि जो कोणी मदतीला येई तो आधी झाकण उघडी, म्हणजे नकळत रोग बरा करी, आणि मग पंप बदली! गाडी सुरू झाली की श्रेय नव्या पंपाला.

आम्ही त्या मापाचे, हवेची वाट असलेले झाकण आणले. टाकी काठोकाठ भरून दादा कर्जतला गेले आणि परत आले. गाडी त्यानंतर त्या खोडीने एकदाही थांबलेली नाही. तुमची गाडी अशी थांबून थांबून चालत असेल, तर बंद पडल्याबरोबर झाकण हळू सैल करा. हिस्स असा आवाज करीत हवा आत शिरली आणि गाडी सुरू झाली, तर रोग सापडला. काही गाड्यांत हवेची वाट झाकणात नसून वेगळ्या बारीक नळीतून असते. ती चिखलाने बुजते किंवा दुमडते, तेवढी बघावी. पण कोणी उत्साहाच्या भरात झाकणाला खिळ्याने भोक पाडू नये. गाडी हिंदकळली की पेट्रोल बाहेर येईल आणि पावसाचे पाणी आत जाईल.

याच तत्त्वाने आणखी एक फसवा रोग कळतो. पंपाच्या पुढे पाइप फुटला तर पेट्रोल बाहेर गळते आणि वास येतो. पण टाकी आणि पंप यांच्यामधल्या पाइपाला बारीक चीर पडली, तर गळतीचा थेंबही न दिसता बाहेरची हवाच आत शिरते. पंप मग पेट्रोलऐवजी हवा घेत राहतो. शहाळ्याची नळी चिरली की कितीही चोखा, पाणी येत नाही, तसेच हे. म्हणून जुना, कडक झालेला रबरी पाइप कोरडा दिसला तरी निर्दोष समजू नये. दोन बोटांत वाकवून पाहावा. भेगा दिसल्या तर पेट्रोलसाठीचाच नवा पाइप घालावा.

पेट्रोलबद्दलही एक नवी गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, आणि 20 टक्क्यांच्या मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने 2025 साली गाठले. जुन्या गाड्यांतले काही रबरी पाइप आणि वायसर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा लवकर खराब होतात. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी फार झाले तर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पाइप बहुधा तिथूनच पेट्रोल घेतो. म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहिली असेल, तर थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून घ्यावी.

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली, तर कारण वेगळेही असू शकते. इंजिनाच्या उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ढकलू शकत नाही. गाडी सावलीत घ्या, इंजिन निवू द्या, पंपावर ओले फडके ठेवा. पाणी मात्र तापलेल्या इंजिनावर ओतू नका.

हे झाले कार्ब्युरेटरच्या गाडीचे. 1984 साली आलेली मारुती व्हॅन, जिला पुढे ओम्नी नाव पडले, ती आधी कार्ब्युरेटरची होती. नंतरच्या गाड्यांत इंजेक्शनची पद्धत आली. 2019 साली तिचे उत्पादन थांबले, तरी गावोगाव ती आजही दिसते. इंजेक्शनच्या गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीतच असतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद मागून बारीक गुणगुण ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघावे. या गाडीचा पाइप मात्र स्वतः सोडू नये. त्यात पेट्रोल बऱ्याच दाबाखाली असते.

आणि डिझेलची मॅटाडोर? पुण्याजवळच्या आकुर्डीला बजाज टेंपो कंपनीने 1969 साली आणलेली ही व्हॅन आपल्या जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे वऱ्हाडे आणि भाजी वाहत आली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, पण हवेचे त्याला वावडे आहे. डिझेल एकदा पूर्ण संपले किंवा फिल्टर बदलला, की पाइपात हवा अडकते. मेकॅनिक म्हणतो, एअर धरलाय. हवा दाबली जाते आणि मग डिझेलला जोर येत नाही. त्यावर उपाय असा : टाकीत डिझेल भरावे, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, हाताचा पंप मारत राहावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. पुढे मोठ्या पंपावरचा स्क्रू असल्यास तिथेही तसेच करावे. त्यापुढचे नोझलचे पाइप जाणत्याकडे सोपवावेत. तिथला फवारा इतक्या जोराचा असतो की तो कातडीतून आत शिरतो.

श्रोतेहो, गाडी मेकॅनिककडे न्यावी लागली तरी हरकत नाही. पण "गाडी बंद पडते" एवढेच सांगू नका. किती अंतरावर पडते, टाकी भरलेली असते की रिकामी, इंजिन गार की गरम, प्लग ओला की कोरडा, पुन्हा कशाने सुरू होते, हे पाच मुद्दे कागदावर लिहून न्या. वैद्याला नुसते दुखते म्हणून चालत नाही. कुठे आणि केव्हा दुखते ते सांगावे लागते. दादांच्या कोड्याचे उत्तर त्यांच्याच तोंडी होते. ते त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच.

आणि शिक्षकांना एक विनंती. एक रिकामा डबा घ्या, पाणी भरा, झाकण घट्ट लावा, खाली एक भोक पाडा आणि वर एक. वरच्या भोकावर मुलाला बोट ठेवायला सांगा, मग उचलायला सांगा. धार थांबते आणि सुरू होते. मग मुलांना दादांची गोष्ट सांगा आणि विचारा, टाकी भरली की गाडी का थांबायची? वर्गातले एखादे मूल हे उत्तर देईल. पुढे कधी पावसात, भर रस्त्यात, एखाद्या अडलेल्या गाडीपाशी तेच मूल उभे असेल. त्या वेळी त्याच्या हातात पान्याआधी प्रश्न असेल.